गोलकीपर चांगला कोच होतो का? (निमित्त: दिनो झॉफ)

तिसरा खांब:
परवा एका मित्राशी वाजलं. त्याचं म्हणणं, गोलकीपर कधी मोठा कोच होत नाही. नव्वद मिनिटं एका चौकटीत उभ्या राहिलेल्या माणसाला मधल्या फळीत काय शिजतंय ते काय कळणार? मी फुटबॉलमधल्या इटलीच्या दिनो झॉफचं नाव घेतलं. तर म्हणतो, "खेळाडू म्हणून मोठा होता, मान्य. पण कोच म्हणून काय केलं? इटलीचा कोच असताना २०००च्या युरो कपची फायनल हरला." यावर मला गप्प बसवेना, म्हणून हा धागा.

ज्यांना झॉफ फक्त '१९८२ला कप उचलणारा तो म्हातारा गोली' एवढाच माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. जन्म २८ फेब्रुवारी १९४२, इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातल्या फ्रिउली भागातलं मारियानो देल फ्रिउली हे गाव. घरी शेती. चौदाव्या वर्षी इंटर आणि युव्हेंटस या दोन्ही बड्या क्लबांनी 'उंची कमी' म्हणून परत पाठवलं. मग आजीने फर्मान काढलं, रोज आठ अंडी खायची. अंड्यांनी उंची वाढते का हे डॉक्टरांनी सांगावं, पण पोरगं वाढलं खरं. उडिनेजे क्लबने घेतलं आणि सप्टेंबर १९६१मध्ये पहिल्या श्रेणीतल्या पहिल्याच सामन्यात फिओरेंटिनाने त्याला पाच गोल मारले. ५-२. तिथून मांतोव्हा, मग नापोली आणि १९७२ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, ज्यांनी परत पाठवलं होतं त्याच युव्हेंटसमध्ये.

पुढची अकरा वर्षं युव्हेंटसचा लीगमधला एकही सामना त्याने चुकवला नाही. सलग ३३०. सर्दी, ताप, बोट मुरगळणं, काहीच नाही? माझा दर सोमवारी घसा बसतो हो.

सहा लीग विजेतेपदं, १९७७चा युएफा कप, १९६८चा युरो, १९८२चा विश्वचषक. ११२ आंतरराष्ट्रीय सामने. एवढं सगळं एका बाजूला ठेवा. मला बोलायचंय ते त्याच्या दुसऱ्या डावाबद्दल, जो कुणी नीट पाहतच नाही.

शंकेखोर:
चांगला धागा. एक शंका. झॉफचं ते ११४२ मिनिटं गोल न खाण्याचं रेकॉर्ड युव्हेंटससाठीचं ना? ते नंतर युव्हेंटसचाच गोली बुफॉनने मोडलं असं वाचल्यासारखं वाटतंय.

कॅल्चोवेडा:
शंकेखोर, दोन रेकॉर्डांची भेळ झाली तुमची. ११४२ मिनिटं इटलीच्या राष्ट्रीय संघासाठी, सप्टेंबर १९७२ ते जून १९७४. ते मोडलं हैतीच्या इमॅन्युएल सॅनॉनने, म्युनिकला, १९७४च्या विश्वचषकात. हैती! मध्यंतरानंतर लगेच तो एकटा चेंडू घेऊन पळाला, झॉफला चुकवलं आणि रिकाम्या जाळीत मारला. इटलीने सामना ३-१ जिंकला, पण आजही लोकांच्या लक्षात आहे तो सॅनॉनच.

युव्हेंटससाठीचं रेकॉर्ड वेगळं, १९७२-७३च्या मोसमात सलग ९०३ मिनिटं. ते आधी मिलानच्या सेबास्तियानो रॉसीने ९२९वर नेलं आणि मग २०१६मध्ये बुफॉनने ९७४वर.

बाकी धाग्याच्या मूळ मुद्द्याबद्दल माझं मत तुमच्या मित्रासारखंच आहे, तिसरा खांब. झॉफ कोच म्हणून सावध होता, नको तेवढा सावध. रोमच्या लाझिओ क्लबातला त्याचा पहिला मोसम आठवा (१९९०-९१). बरोबरी, बरोबरी, पुन्हा बरोबरी. बघणाऱ्याला झोप यायची.

रविवारचा गोली:
मी इथे बहुतेक वाचनमात्र असतो, पण हा धागा म्हणजे आमच्या दुखऱ्या गुडघ्यावर बोट.

बावीस वर्षं गोलमध्ये उभा राहिलो, कुठल्याही मोठ्या पातळीवर नाही. आता दर रविवारी चौदा वर्षांखालच्या मुलांना शिकवतो. 'गोलीला खेळ कळत नाही' हे ज्याने म्हटलं त्याला एकदा कॉर्नरच्या वेळी गोलमध्ये उभं करा. समोर अठरा-वीस माणसं. आपला कोण, त्यांचा कोण, जवळच्या खांबाला कुणी नाही, लांबच्या खांबाला दोघे एकाच माणसाला धरून उभे, आणि हे सगळं चेंडू उडायच्या आधी ओरडून सांगायचं. मैदान अख्खं समोर दिसणारा माणूस एकच असतो. बाकी दहांना निम्मा खेळ पाठीमागे असतो.

पण तुमच्या मित्राच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, तेही सांगतो. गोली दिसतं ते सांगू शकतो, पण दमल्यावर काय होतं ते त्याला अंगाने माहीत नसतं. ऐंशीव्या मिनिटाला मधल्या फळीतल्या पोराचे पाय जड होतात आणि तो माणूस सोडतो. मी बाहेरून ओरडतो, "अरे धर त्याला!" तो माझ्याकडे असा बघतो की मला माझीच लाज वाटते. दमणं म्हणजे काय हे शिकायला मला कोच झाल्यावर तीन वर्षं लागली.

दुसरं म्हणजे गोली सरावही वेगळा करतो. बाकीचे पासिंग, प्रेसिंग करत असतात तेव्हा हा कोपऱ्यात एका माणसाबरोबर डावीकडे पड, उजवीकडे पड. संघाची भाषा त्याच्या कानावर येते ती लांबून.

मृण्मयी_१०:
रविवारचा गोली, लिहीत जा हो, वाचनमात्र कसले!

उदाहरणं बरीच आहेत की. रेमंड गोएथाल्स हा बेल्जियन मुळातला गोलकीपर, त्याच्या मार्सेने १९९३मध्ये मिलानला हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली (नंतर मॅच फिक्सिंगचं प्रकरण निघालं ते सोडा). मिशेल प्रुदोमने २००८मध्ये स्टँडर्ड लिएजला २५ वर्षांनी लीग जिंकून दिली. लोपेतेगी बार्सिलोना आणि रिआल दोन्हीकडे बाकावर बसलेला गोली, सेव्हियाबरोबर २०२०ची युरोपा लीग जिंकला. नुनो एस्पिरितो सांतो पोर्तोत मोरिन्होच्या हाताखाली राखीव गोली होता. आणि रोजेरिओ सेनी तर फ्री किक-पेनल्टीवर शंभराहून जास्त गोल मारणारा गोलकीपर! त्याने फ्लामेंगोला ब्राझीलची लीग जिंकून दिली.

यातले लोपेतेगी आणि नुनो बाकावरचे गोली होते हे मला फार रोचक वाटतं. बसून बसून खेळ बघितला त्यांनी.

बाकावरचा:
'बसून बसून खेळ बघितला'. ताई, माझ्या आयडीकडे बघून बोलताय का? हलके घ्या.

तिसरा खांब:
मृण्मयी, यादीबद्दल धन्यवाद, मित्राला पाठवली. पण मला मोजणीत रस कमी आहे. झॉफबद्दलच बोलू.

कॅल्चोवेडा, 'सावध' या शिक्क्यावर माझा आक्षेप आहे. लाझिओतच पुढे १९९२-९३ आणि १९९३-९४ या दोन मोसमांत लीगमध्ये सर्वाधिक गोल कुणी मारले? बेप्पे सिन्योरीने. २६ आणि २३. दोन्ही मोसमांत कोच झॉफ. त्या काळच्या इटलीत, जिथे एका गोलवर सामना सुटायचा, तिथे सावध कोचच्या संघातला माणूस २६ गोल मारतो? गॅस्कॉइन ऊर्फ गॅझासारखं खुळं पात्रही त्याने सांभाळलं त्याच काळात. तोंडातून दिवसाला चार वाक्यं काढणारा झॉफ आणि समोर गॅझा. या जोडीवर नाटक लिहायला हवं कुणीतरी.

आता युव्हेंटसची गोष्ट, जी मला खरी सांगायची होती.

१९८३मध्ये हातमोजे काढले. काही काळ युव्हेंटसमध्येच गोलकीपर कोच, मग इटलीचा ऑलिम्पिक संघ हाताशी घेतला, तो सोलसाठी पात्र ठरवला. १९८८ला युव्हेंटसचा मुख्य कोच. प्लाटिनी निवृत्त होऊन वर्ष झालेलं, संघाची रया गेलेली, समोर साक्कीचा मिलान आणि माराडोनाचा नापोली. सहायक म्हणून बरोबर गाएतानो शिरेआ. जुना जोडीदार. बाहेरगावी सामना असला की दोघे एका खोलीत. दोघेही कमी बोलणारे, त्यामुळे त्या खोलीत रात्री काय आवाज येत असेल? पान उलटल्याचा.

३ सप्टेंबर १९८९. युएफा कपमध्ये गाठ पडणार होती पोलंडच्या गुर्निक झाब्झेशी. त्यांचा खेळ बघायला शिरेआ गेला होता. परतताना गाडीचा अपघात झाला आणि गाडीने पेट घेतला. ३६ वर्षांचा होता.

त्या मोसमात झॉफचा युव्हेंटस तोच युएफा कप जिंकला. फायनलला फिओरेंटिना, पहिला सामना ३-१, दुसरा ०-०. त्याआधी तीन आठवडे इटालियन कप, तोही मिलानच्या मैदानावर १-० जिंकून. त्याच महिन्यात मिलान युरोपियन कपच्या फायनलला पोचलेला होता, म्हणजे हरवलं कुणाला ते बघा. एका मोसमात दोन कप.

आणि बक्षीस? नारळ. नवं संचालक मंडळ आलेलं, त्यांना मिलानसारखा नजरेत भरणारा खेळ हवा होता. म्हणून बोलोन्याहून जिजी माइफ्रेदीला आणलं. पुढच्या मोसमात युव्हेंटस सातवा आणि युरोपच्या स्पर्धांबाहेर.

माझ्या मित्राला हे काहीच माहीत नव्हतं. त्याला माहीत होता तो युरो २०००च्या फायनलमधला ट्रेझेगेचा गोल.

जुना प्रेक्षक:
शिरेआबद्दल वाचून थांबलो. तो खेळायचा तेव्हा त्याला कारकिर्दीत एकदाही लाल कार्ड मिळालं नव्हतं. बचावपटू असून. असो.

१९८२बद्दल कुणी अजून लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. पहिल्या फेरीत तीन बरोबऱ्या. पोलंड, पेरू, कॅमेरून. इटालियन वर्तमानपत्रांनी खेळाडूंचं जगणं नकोसं केलं, वाट्टेल ते छापलं. शेवटी संघाने ठरवलं की पत्रकारांशी कुणी बोलायचं नाही. बोलेल फक्त कप्तान. आणि कप्तान कोण? झॉफ! ज्याच्याकडून एक वाक्य काढायला पत्रकारांना घाम फुटायचा. कोच बेअरझोट मनातल्या मनात हसला असणार. तोही फ्रिउलीचाच.

मग ब्राझीलचा सामना, ५ जुलै, बार्सिलोना. इटली ३-२ पुढे, ब्राझीलला बरोबरीही पुरणार होती. अगदी शेवटी डावीकडून फ्री किक, ऑस्करचं हेडर खाली कोपऱ्यात. चाळीस वर्षांचा माणूस डावीकडे झेपावतो आणि चेंडू रेषेवर दाबून धरतो. ढकलला नाही, धरला. ब्राझीलच्या काहींचे हात गोल म्हणून वर गेलेले.

विमानातला तो फोटोही सगळ्यांनी पाहिला असेल. झॉफ, काऊझिओ, बेअरझोट आणि राष्ट्राध्यक्ष पेर्तिनी पत्ते कुटताहेत, बाजूला विश्वचषक ठेवलेला.

रविवारचा गोली:
जुना प्रेक्षक, 'ढकलला नाही, धरला' हे लिहिलंत आणि तुम्हाला दंडवत घातला.

हे न खेळलेल्याला सांगणं अवघड आहे, पण प्रयत्न करतो. खाली कोपऱ्यात येणारा चेंडू आपण शक्यतो बाहेर ढकलतो, तळव्याने किंवा बोटांनी. कारण धरायला गेलं आणि निसटला तर समोर चार माणसं उभी असतात. धरायचा असेल तर शरीर चेंडूच्या मागे न्यावं लागतं, आणि रेषेवर असाल तर मागे म्हणजे गोलमध्ये. तेव्हा एकच मार्ग उरतो, चेंडू जमिनीवर वरून दाबायचा आणि हात हलू द्यायचे नाहीत. एक इंच मागे सरकला तर गोल. पुढे सुटला तरी गोल. आणि हे करताना खांब कुठे आहे ते न बघता माहीत असावं लागतं.

झॉफचं सगळं कौशल्य त्यातच होतं. त्याच्या उड्यांचे फोटो फार नाहीत, कारण उडी मारायची वेळच तो येऊ द्यायचा नाही. दोन पावलं आधीच सरकलेला असायचा. मी मुलांना हेच सांगतो: फोटो चांगला आला म्हणजे तुझी जागा चुकली. (मुलांना अर्थातच फोटो हवा असतो.)

आता कॅल्चोवेडा म्हणतात ते 'सावध'. मला वाटतं कोच झाल्यावरही तो दोन पावलं आधीच सरकत होता. बाहेरून ते कंटाळवाणं दिसतं.

कॅल्चोवेडा:
रविवारचा गोली, प्रतिसाद आवडला. सिन्योरीचा मुद्दाही मान्य, एक पाऊल मागे घेतो.

पण युरो २०००च्या फायनलवर मी ठाम आहे. फ्रान्सचा झिदान! त्या स्पर्धेत झिदान काय खेळत होता हे सगळ्या युरोपला दिसत होतं. त्याच्या मागे एक माणूस लावायचा नाही? इटालियन कोचला हे सांगावं लागतं?

तिसरा खांब:
कॅल्चोवेडा, तुम्ही आणि बर्लुस्कोनी एका बाकावर!

ज्यांना संदर्भ नसेल त्यांच्यासाठी. त्या युरोत इटलीकडून कुणाला फार अपेक्षा नव्हती. स्पर्धेच्या तोंडावर बुफॉनचा हात मोडला, म्हणून टोल्डो गोलमध्ये. गटातले तिन्ही सामने जिंकले (तुर्कस्तान, बेल्जियम, स्वीडन), मग रुमानिया. उपांत्य सामना हॉलंडशी, तोही अॅमस्टरडॅममध्ये. चौतिसाव्या मिनिटाला इटलीच्या झांब्रोटाला लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं. पुढचा सगळा वेळ, जादा वेळ धरून, दहा जण. खेळ चालू असताना हॉलंडला दोन पेनल्टी मिळाल्या. एक टोल्डोने अडवली, दुसरी क्लायव्हर्टने खांबावर मारली. शूटआउटमध्ये टोल्डोने आणखी दोन अडवल्या. टॉट्टीची ती चमच्याने उचलल्यासारखी पेनल्टी तेव्हाचीच.

राखीव गोलीने असा सामना काढला तेव्हा बाकावर कोण उभं होतं? ज्याला १९७०च्या विश्वचषकात स्वतःला बाकावर बसून अल्बेर्टोसीचा खेळ बघावा लागला होता, तो. दुसऱ्या नंबरचा गोली असणं म्हणजे काय हे टोल्डोला समजावून सांगायला युरोपात याच्याइतका लायक माणूस नसेल.

आणि फायनल, २ जुलै, रॉटरडॅम, समोर फ्रान्स. डेलवेक्यो ५५व्या मिनिटाला, इटली १-०. देल पिएरोने दोन सोन्यासारख्या संधी घालवल्या. त्यातली एक जरी जाळीत गेली असती तर आज झिदानचं नाव कुणी काढलं नसतं. चौथं मिनिट जादा चाललेलं, इटलीचे राखीव खेळाडू रेषेवर येऊन धावायच्या तयारीत, आणि फ्रान्सच्या विल्टोर्डचा तिरका फटका टोल्डोला चुकवून आत. मग १०३व्या मिनिटाला ट्रेझेगे. गोल्डन गोल, म्हणजे जादा वेळेत पहिला गोल मारेल तो जिंकला, खेळ खल्लास.

दुसऱ्या दिवशी सिल्विओ बर्लुस्कोनी, तेव्हाचा विरोधी पक्षनेता आणि मिलानचा मालक, जाहीरपणे बोलला. झिदानला मोकळं सोडणं म्हणजे अडाणीपणा, अशा अर्थाचं. ४ जुलैला झॉफने राजीनामा दिला.

शंकेखोर:
हे मला कधीच पटलं नाही. १९७८च्या विश्वचषकात, अर्जेंटिनात, झॉफने लांबून मारलेले गोल खाल्ले ना? हॉलंडच्या आरी हानचा, मग ब्राझीलच्या नेलिन्यो आणि दिर्सेउचे. तेव्हा ३६ वर्षांचा होता आणि पेपरवाले म्हणत होते म्हाताऱ्याला दिसत नाही, घरी पाठवा. तेव्हा तो गप्प बसला, खेळत राहिला आणि चार वर्षांनी कप उचलला. मग २०००ला एका राजकारण्याच्या एका वाक्यावर लगेच राजीनामा? गोलकीपरची कातडी जाड असते म्हणतात ती कुठे गेली?

अवांतर: १९६८च्या युरोत इटली उपांत्य सामना सोव्हिएत संघाविरुद्ध ०-० बरोबरीनंतर नाणेफेकीवर जिंकली होती. झॉफ त्या सामन्यात होता. फायनलही पुन्हा खेळवावी लागली आणि मग युगोस्लाव्हियाला २-० हरवलं. तो त्याचा इटलीसाठी अवघा चौथा सामना. म्हणजे नाण्याने दिलेलं गोल्डन गोलने काढून घेतलं, हिशेब चुकता. ते दोन्ही नियम आता इतिहासजमा झालेत हे आणखी एक.

मृण्मयी_१०:
नाण्याचं भारी आहे! नाणेफेकीवर युरोच्या फायनलमध्ये, विश्वास बसत नाही.

शंकेखोर, मला दोन्हींत फरक वाटतो. १९७८चे गोल त्याने खाल्ले होते. लोक चेंडूबद्दल बोलत होते, आणि चेंडू खरंच आत गेला होता. त्यावर तो काय बोलणार? २०००ला त्याच्या कामाची लायकी काढली गेली, तीही अशा माणसाकडून ज्याच्या हातात क्लब, वाहिन्या, पक्ष सगळं. पत्रकाराला उत्तर न देणं आणि अशा माणसाचं ऐकून खुर्चीत बसून राहणं एकच नाही.

बाकावरचा:
मी शंकेखोरशी सहमत. महिनाभर थांबला असता तर लोक विसरले असते. २००२चा विश्वचषक त्याच संघाबरोबर खेळला असता. त्याच्या जागी ट्रापाटोनी आला आणि कोरियाकडून हरून इटली बाहेर पडली ते आपण बघितलं.

रविवारचा गोली:
यावर खेळाचंच उत्तर देतो. गोलीला सगळ्यात आधी शिकवतात ते हे: रेषेवर थांबायचं की बाहेर निघायचं, हे एकदाच ठरव. निघालास तर अर्ध्यात थांबू नकोस. अर्ध्यात थांबलेल्या गोलीच्या डोक्यावरून चेंडू जातो, आणि हसं होतं ते वेगळंच.

मी एकदा थांबलो होतो. लांबून उंच चेंडू आला, मी सहा यार्डांच्या रेषेपर्यंत धावलो, आपला बचावपटू घेईल असं वाटलं म्हणून थबकलो. त्यालाही वाटलं मी घेईन. चेंडू आमच्या दोघांच्या मधे टप्पा खाऊन माझ्या डोक्यावरून, अगदी सावकाश, आत गेला. इतका सावकाश की मी वळून त्याच्या मागे धावलो तेव्हा तो जाळीला लागायचाच होता. आमच्या तेव्हाच्या कोचने मध्यंतरात एवढंच विचारलं, "कुठे निघाला होतास?"

झॉफ १९७८ला रेषेवर थांबला. २०००ला बाहेर निघाला आणि अर्ध्यात थांबला नाही. चुकलं की बरोबर ते मला माहीत नाही, पण त्यात मला तोच गोली दिसतो.

कॅल्चोवेडा:
'कुठे निघाला होतास' 😀 असा एक कोच प्रत्येकाला मिळावा.

राहिलेला हिशेब पूर्ण करतो, म्हणजे धागाकर्त्याला मित्राकडे नेता येईल. १९९४ला झेमान लाझिओचा कोच झाला तेव्हा झॉफ क्लबचा अध्यक्ष झाला. १९९७च्या जानेवारीत झेमानला काढलं, तर अध्यक्षसाहेब स्वतः ट्रॅकसूट घालून मैदानात. लाझिओ चौथा आला. २००१मध्ये कोच एरिक्सन गेल्यावर पुन्हा तेच, मोसमाच्या मध्यात आला, लाझिओला तिसऱ्या जागेवर नेलं आणि पुढच्या मोसमात सुरुवात बिघडताच बाहेर. शेवटचं काम २००५ला फिओरेंटिनात. संघ खालच्या श्रेणीत घसरायला आलेला, शेवटच्या दिवशी वाचवला. आणि मग काय, पुढच्या मोसमाला कोच प्रांदेल्ली.

लिहिता लिहिता लक्षात आलं. दर वेळी दुसऱ्याने घातलेला घोळ निस्तरायला बोलावलं, आणि निस्तरला की बाहेर.

जुना प्रेक्षक:
म्हणजे गोलकीपरचंच काम की.

तिसरा खांब:
मित्राला सगळा धागा वाचायला दिला. त्याचं उत्तर: "सिन्योरीचं माहीत नव्हतं. पण झिदानच्या मागे माणूस लावायला हवा होता." हे घ्या.

रविवारचा गोली, एक विनंती. तुमच्या मुलांना ऑस्करचं ते हेडर दाखवा आणि काय म्हणतात ते इथे लिहा.

रविवारचा गोली:
दाखवलं. आज सरावाआधी, माझ्या फोनवर, सगळे डोकं घालून. तीन वेळा लावलं.

पहिल्यांदा कुणालाच काही विशेष वाटलं नाही, "सर, यात काय, साधं तर आहे." दुसऱ्यांदा एकाने विचारलं की हातमोजे असले कसले. तिसऱ्यांदा आमचा धाकटा गोली, बारा वर्षांचा, उंची अजून यायची आहे, तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, याने तर बरोबर धरला. पण रेफ्रीला आत गेल्यासारखा वाटला असता तर?"

तिसरा खांब:
मग काय सांगितलंत?

रविवारचा गोली:
कॉर्नरचा सराव घेतला.